अंगातल्या धुक्यात टॉर्च

रात्री खोलीतले दिवे मालवावेत आणि पेटलेल्या टॉर्चच्या काचेवर तळहात घट्ट दाबून धरावा. लहानपणी हा खेळ आपण बहुतेकांनी केलेला आहे. हात लालभडक उजळतो, बोटांच्या कडा निखाऱ्यासारख्या दिसतात. पण हातात एवढी हाडं असतात, ती मात्र कुठेच दिसत नाहीत! उजेड तर हातातून आरपार आला, मग हाडांची सावली का पडली नाही?

प्रश्न पोरकट वाटेल, पण त्याच्या उत्तरामागे शास्त्रज्ञ जवळजवळ शंभर वर्षं लागलेले आहेत. कारण साध्या उजेडाने शरीराच्या आतलं नीट दिसू लागलं, तर कॅन्सरची गाठ क्ष-किरणांशिवाय, सुई न टोचता, काही न कापता पाहता येईल. उजेड स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे, कितीही वेळा वापरला तरी चालतो. हे झालं तर किती बरं होईल!

जपानात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा विषय दोन कारणांनी जवळचा आहे. एक म्हणजे या संशोधनातला मोठा वाटा जपानचा आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं काम तर आपल्या उरायासुच्याच चिबा प्रांतात झालं. दुसरं कारण घरगुती आहे. नगरपालिकेकडून येणारं एक पाकीट आपल्यापैकी अनेकांच्या घरी न फोडता कपाटावर पडून राहतं. त्या पाकिटाकडे शेवटी येऊच. आधी उजेडाची गोष्ट.

दुधाचा चहा

दोन पेले घ्या. एकात कोरा चहा आणि दुसऱ्यात दूध. दोन्हींत चमचा बुडवा. चहातला चमचा अंधुक दिसतो, पण त्याचा आकार कळतो. दुधातला चमचा मात्र साफ नाहीसा होतो. चहा उजेड शोषून घेतो. दूध उजेड फारसा शोषत नाही, पण इकडेतिकडे उधळतं. दुधातल्या बारीक कणांवर आपटत आपटत उजेड वाट सोडतो, आणि कुठून निघाला होता याची खूणच राहत नाही. थंडीच्या पहाटे एदो नदीवर धुकं उतरलं की पलीकडच्या काठावरचे दिवे असेच विरघळतात.

आपलं शरीर म्हणजे दुधाचा चहा आहे! त्यात शोषणंही आहे आणि उधळणंही. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा रंग गिळून टाकतं, लाल सोडून देतं. म्हणून टॉर्चवरचा हात लाल दिसतो. लालच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत आणखी पुढे गेलं की शरीरातलं पाणी उजेड शोषू लागतं. या दोन पहारेकऱ्यांच्या मधे एक फट आहे, साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरची. या फटीतून गेलेला उजेड काही सेंटिमीटर खोल जाऊ शकतो. पण जाताना तो भरकटतो. मांसात जेमतेम मिलीमीटरभर शिरला की त्याची मूळ दिशा हरवते. म्हणूनच हाडांची सावली पुसली जाते. क्ष-किरण जवळजवळ सरळ जातात, म्हणून त्यांची सावली रेखीव पडते. आपला उजेड मात्र आत जातो आणि वाट चुकतो.

दिवा लावून पाहण्याचे पहिले प्रयत्न

१९२९ साली न्यूयॉर्कच्या मॅक्स कटलर या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत स्तनाखाली प्रखर दिवा धरून गाठी पाहण्याचा प्रयत्न केला. रक्ताने भरलेली जागा काळी दिसे, पाण्याची गाठ उजळ दिसे. पण दिवा तापायचा, आणि नेमकं काय दिसतंय याचा भरवसा नसायचा. पुढे दिवे सुधारले, कॅमेरे आले, आणि १९८०च्या दशकात हीच पद्धत पुन्हा नव्या थाटात पुढे आली. स्वीडन आणि अमेरिकेत तिची मॅमोग्राफीशी तुलना करून पाहिली, तेव्हा ती कमी पडली. लहान गाठी धुक्यातच राहिल्या. हे नीट ध्यानात ठेवायला हवं, कारण 'किरणोत्सर्ग नको, दाबणं नको, नुसत्या उजेडाने तपासणी' अशा जाहिरातीचा मोह कुणालाही पडतो.

पण उजेडाला चित्र काढता येत नसलं, तरी मोजमाप उत्तम येतं. हे ओळखणारा माणूस टोकियोत होता. निहोन कोहदेन या कंपनीतले ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली नाडीच्या ठोक्यांबरोबर बदलणारा उजेड मोजून रक्तातला प्राणवायू सांगण्याची युक्ती काढली. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तो हाच! करोनाच्या साथीत घराघरांत पोहोचलेल्या त्या चिमट्यामागे हे जपानी डोकं होतं. आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये, साथ ऐन भरात असताना, ८४ व्या वर्षी गेले.

गाठीच्या बाबतीतही हाच हिशेब कामाला येतो. कॅन्सरची गाठ भुकेली असते. ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, त्यामुळे तिथे रक्त जास्त आणि अनेकदा प्राणवायू कमी असतो. हे दोन्ही उजेडाने मोजता येतं. फक्त शोषलेला उजेड किती आणि उधळलेला किती, हे वेगळं करता आलं पाहिजे.

हामामात्सुचं घड्याळ

टोकियोहून शिन्कान्सेनने पश्चिमेला निघालं की शिझुओका प्रांतात हामामात्सु लागतं. पियानो आणि मोटारसायकलींचं हे गाव. तिथल्या हामामात्सु फोटोनिक्स कंपनीने बनवलेल्या मोठाल्या प्रकाशनळ्या कामिओकांदेच्या खाणीत बसवल्या होत्या, आणि त्या प्रयोगासाठी कोशिबा यांना २००२ साली नोबेल मिळालं. उजेडाचा एकेक कण मोजण्यात या मंडळींचा हातखंडा.

त्यांनी गाठींसाठी वापरलेली युक्ती अशी. अतिशय छोटा, काही पिकोसेकंदांचा लेसरचा ठिपका कातडीवर सोडायचा. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्या वेळात उजेड शरीरात सुमारे ०.२ मिलीमीटर पुढे सरकतो. जे कण थोडे भटकले ते लवकर बाहेर येतात, फार भटकले ते उशिरा. कोण केव्हा आला याचं घड्याळ लावलं की वाटेत उधळण किती आणि शोषण किती, हे गणिताने सोडवता येतं. या तंत्रावर हामामात्सुच्या वैद्यकीय विद्यापीठाबरोबर स्तनाच्या कर्करोगाचं काम झालं. गाठीतल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण आजूबाजूपेक्षा जास्त असल्याचं दिसून आलं. त्याचा खरा उपयोग गाठ शोधण्यापेक्षा तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठी होण्याची आशा आहे. केमोथेरपी लागू पडते आहे की नाही, हे गाठ आकसण्याआधीच रक्ताच्या बदलावरून समजलं तर पेशंटचे कितीतरी हाल वाचतील.

क्योतो विद्यापीठाने कॅमेऱ्यांच्या कॅनन कंपनीबरोबर आणखी वेगळी वाट धरली. उजेड आत पाठवायचा, पण परत येताना ऐकायचा आवाज! लेसरच्या ठिपक्याने रक्तवाहिनी किंचित तापते, फुगते आणि बारीकसा नाद उमटतो. १८८० साली ग्रॅहॅम बेल यांना हा गुण सापडला होता. आवाज शरीरात उजेडाइतका उधळत नाही, त्यामुळे गाठीभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं रेखीव उमटतं. मात्र उजेड जिथवर पोहोचेल तिथवरच. दोन-चार सेंटिमीटरच्या पलीकडे पुन्हा अंधार.

उजेड आत न्यायचा

उजेड बाहेरून आत पोहोचत नसेल तर दिवाच आत न्यावा, हा विचार जपानने फार आधी केला. १९५० साली टोकियो विद्यापीठातले डॉक्टर तात्सुरो उजी आणि ऑलिंपस कंपनीच्या मुत्सुओ सुगिउरा प्रभृतींनी पोटात घालायचा कॅमेरा तयार केला. नळीच्या टोकाला इवलासा दिवा आणि फिल्म. डॉक्टरला आतलं काहीच दिसत नसे, मग फोटो कुठला निघतोय हे कळणार कसं? तर खोलीत अंधार करायचा, आणि पोटाच्या कातडीतून दिव्याची चमक कुठे दिसते ते पाहायचं! टॉर्च आणि तळहाताचा खेळ इथे असा कामी आला. जपानी लोक आजही या तपासणीला 'इ-कामेरा', म्हणजे जठराचा कॅमेराच म्हणतात.

आता येतं ते चिबा प्रांतातलं काम. उरायासुहून उत्तरेला काशिवा आहे. तिथे राष्ट्रीय कॅन्सर केंद्राचं इस्पितळ आहे. तिथले डॉक्टर यासुशी सानो यांनी १९९९ च्या सुमारास ऑलिंपसबरोबर एक साधा वाटणारा प्रयोग सुरू केला. दुर्बिणीतून पांढरा उजेड टाकण्याऐवजी फक्त दोन अरुंद पट्टे टाकायचे, ४१५ नॅनोमीटरचा निळा आणि ५४० चा हिरवा. गंमत पाहा, खोल पाहायचं असेल तर नेमके हेच रंग कुचकामी, कारण हिमोग्लोबिन ते गिळून टाकतं. पण सुरुवातीचा कॅन्सर खोल नसतोच! तो अस्तराच्या वरच्या पापुद्र्यात असतो. तिथे निळा उजेड थांबतो आणि पृष्ठभागाजवळच्या केसासारख्या रक्तवाहिन्या गडद तपकिरी दिसू लागतात. त्यांची विस्कटलेली नक्षी जाणत्या डोळ्याला लगेच कळते. उजेडाची जी खोड होती, तीच इथे गुण ठरली.

याचा फायदा किती? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या जपानी डॉक्टरांच्या अभ्यासात ३२० जणांची तपासणी झाली होती. अन्ननलिकेतले वरवरचे कॅन्सर साध्या पांढऱ्या उजेडात ५५ टक्के सापडले, या निळ्या-हिरव्या उजेडात ९७ टक्के. दुर्बीण तीच, डॉक्टरही तसेच. बदलला फक्त दिव्याचा रंग.

ऑपरेशनच्या टेबलावर

सर्जनपुढचा प्रश्न निराळा. पोट किंवा डोकं उघडलेलं आहे, गाठ समोर आहे, पण तिची हद्द कुठे संपते? जास्त कापलं तर चांगला भाग जातो, कमी कापलं तर कॅन्सर मागे राहतो. मेंदूत तर प्रत्येक मिलीमीटरला मोल आहे.

इथे गाठीलाच चमकायला लावतात. मेंदूच्या गाठीसाठी पेशंटला ऑपरेशनआधी ५-एएलए नावाचं औषध प्यायला देतात. त्यापासून गाठीच्या पेशींत एक रंगद्रव्य साठतं आणि निळसर उजेडात ते लाल चमकतं. जर्मनीत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिसणारी गाठ पूर्ण काढता येण्याचं प्रमाण या पद्धतीने ३६ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेलं. जपानने हे औषध २०१३ साली मंजूर केलं. यकृताच्या कॅन्सरसाठी जपानी सर्जन इंडोसायनिन ग्रीन नावाचा जुना हिरवा रंग वापरतात. यकृताचं काम तपासायला तो आधी टोचलेलाच असतो, आणि गाठीत अडकून राहिल्याने खास कॅमेऱ्यात ती चमकते. टोकियो विद्यापीठाचे यासुतेरु उरानो आणि अमेरिकेत काम करणारे हिसाताका कोबायाशी यांनी २०११ साली याहून पुढची पायरी दाखवली. उंदरांच्या पोटात एक द्रव्य फवारलं आणि मिनिटा-दोन मिनिटांत मिलीमीटरहून लहान गाठीही हिरव्या चमकू लागल्या.

पण इथेही मर्यादा तीच आहे. चमक दिसते ती पृष्ठभागाजवळची, फार तर सेंटिमीटरभर आतली. उजेड कितीही हुशारीने वापरा, तो म्हणतो, 'मला जवळ न्या, मग दाखवतो.'

मुंबईतलं व्हिनेगर

वाचक म्हणतील, हे सगळं श्रीमंत देशाचं. आमच्या गावाकडच्या बायकांना याचा काय उपयोग? उपयोग आहे, आणि त्याचा पुरावा मुंबईतच आहे.

टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. सामग्री काय, तर दिवा, कापूस आणि पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे आपलं व्हिनेगर! गर्भाशयाच्या मुखाला ते लावलं की बिघडलेल्या पेशींचा भाग मिनिटाभरात पांढरा पडतो. का? तर त्या पेशींतली प्रथिनं साखळतात आणि उजेड जास्त उधळू लागतात. इतका वेळ ज्या उधळण्याने आपली वाट अडवली होती, तेच इथे बोट दाखवून सांगतं की गडबड इथे आहे. तपासणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं.

याच्या शेजारी दुसरा निकालही ठेवायला हवा. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. तिथे तपासणी एकदाच झाली होती. एकदाच व्हिनेगर लावून पाहण्याने मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत. विषाणूची एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात मात्र घटले. म्हणजे डोळ्यांनी पाहायचं असेल तर पुन्हा पुन्हा पाहावं लागतं.

तोंडाच्या कॅन्सरचंही तसंच. आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिशरी यांनी हा रोग घराघरांत नेला आहे. केरळात नुसत्या उजेडात तोंड तपासण्याचा मोठा प्रयोग झाला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात तंबाखू खाणाऱ्या आणि दारू पिणाऱ्या लोकांतले मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेत आता याच कामाला सर सी. व्ही. रामन यांचा १९२८ चा शोध जुंपला आहे. गालाच्या आतल्या बाजूला लेसर लावायचा आणि रंग बदलून परत येणाऱ्या अगदी थोड्या उजेडावरून पेशींची प्रकृती ओळखायची. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रानेही तोंड तपासण्यासाठी प्रकाशावर चालणारं उपकरण बनवलं आहे. अशी यंत्रं खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत पोहोचली तर दुधात साखरच. तोवर सासू-सासऱ्यांना, काका-मामांना व्हिडिओ कॉलवर एवढं जरूर विचारा, 'तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का?' असेल तर डॉक्टरकडे पाठवा.

आता ते पाकीट

नोकरी करणाऱ्यांची कंपनीत दरवर्षी 'केन्को-शिन्दान' होते. पण नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर आलेला जोडीदार घरी राहतो, त्याचं काय? कॅन्सरची तपासणी, म्हणजे 'गान-केन्शिन', ही इथे नगरपालिकेची जबाबदारी आहे, आणि नाव नोंदवलेल्या परदेशी रहिवाशालाही ती मिळते. सूचना मात्र जपानीत येतात. कांजी पाहून अनेकांना वाटतं, काहीतरी टॅक्सचं असेल, सवडीने बघू.

सरकारी शिफारस ढोबळमानाने अशी आहे. गर्भाशयमुखासाठी (शिक्यू-केइगान) २० वर्षांपासून दर दोन वर्षांनी. स्तनासाठी (न्यूगान) ४० पासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी. मोठ्या आतड्यासाठी (दाइचोगान) ४० पासून दरवर्षी शौचाची तपासणी, तिला 'केन्बेन' म्हणतात. फुप्फुसासाठी (हाइगान) ४० पासून दरवर्षी. जठरासाठी (इगान) ५० पासून दर दोन वर्षांनी इ-कामेरा किंवा बेरियमचा एक्स-रे. वय, फी आणि तारखा पालिकेप्रमाणे थोड्या बदलतात, तेव्हा आपल्या शियाकुशोत विचारून घ्यावं.

मॅमोग्राफीत दुखतं, म्हणून 'उजेडवाली' तपासणी येईपर्यंत थांबू, असं कुणी म्हणत असेल तर कृपा करून थांबू नका. ती अजून मॅमोग्राफीची जागा घेण्याइतकी पोहोचलेली नाही. चाळिशीतल्या बायकांच्या दाट स्तनांत मॅमोग्राफीला कमी दिसतं हे खरं, पण त्यावर जपाननेच केलेला अभ्यास आहे. सुमारे ७३ हजार बायकांच्या या अभ्यासात, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला, सोनोग्राफीची जोड दिल्यावर कॅन्सर ओळखण्याचं प्रमाण ७७ वरून ९१ टक्क्यांवर गेलं. तेव्हा सोनोग्राफीबद्दल डॉक्टरला जरूर विचारा. आणि हाताला गाठ लागली, रक्तस्राव झाला, गिळताना त्रास झाला, तर पाकिटाची वाट न पाहता सरळ दवाखाना गाठा. तपासणी ही काही त्रास नसलेल्यांसाठी असते.

भाषेची अडचण खरी आहे. इ-कामेऱ्याच्या आधी भरायच्या फॉर्मवरचे प्रश्न वाचता येत नाहीत, म्हणूनही माणसं जात नाहीत. पण आपल्यात जपानी वाचणारी मंडळी पुष्कळ आहेत. गणपतीच्या वर्गणीसाठी आपण घरोघर जातो, तसं एकदा या पाकिटांसाठी जावं. दोन-चार घरांनी मिळून पाकिटं फोडावीत, फॉर्म एकत्र भरावेत आणि तारखा घेऊन टाकाव्यात.